सौम्याचा पैरा

॥ श्री ॥

वडगाव, बेळगाव
मंगळवार, ५ नोव्हेंबर २०२४

ती. जयाआक्काच्या चरणी धाकट्या सौम्याचा शि. सा. न. वि. वि.

आक्का, हातातलं काम खाली ठेव आणि आधी बस. बसलीस? मग ऐक. बेंगळूरची ऑर्डर मला मिळाली! मलाच! दोन हजार पिशव्या, आपल्या वडगावच्या मागावरच्या सुती कापडाच्या, आतून अस्तर आणि वर चेन. तिथल्या एका मोठ्या दुकानवाल्यांनी नमुना पाहिला आणि दुसऱ्या दिवशी फोन केला. माल वेळेत आणि नीट गेला तर वर्षभराचं काम देतो म्हणालेत. कालपर्यंत लोकांच्या ब्लाउजांना हुक लावणारी तुझी बहीण आज मॅडम झाली गं! माझ्या शिलाईच्या शेडमधल्या पोरी तर नाचल्याच. आपली ऋतिका, तिचं या महिन्यात लग्न आहे, ती सगळ्यांत जास्त नाचली.

ही बातमी फोनवर ओरडून सांगायची होती, पण तुमच्या करंजवाडीत टॉवर कधी उभा राहणार ते देवालाच ठाऊक. भरमाअण्णांची रात्रीच्या वस्तीची बस हाच आपला टॉवर. त्यांच्याकडे पत्र आणि मुलांसाठी कुंदा देते आहे. कुंद्याचा डबा उघडलेला दिसला तर अण्णांच्या मिशा बघ.

आता अवघड गोष्ट. ट्रक रविवारी, २४ तारखेला येणार, आणि तुमची सुगी नेमकी त्याच दिवसांत. आपल्या गटात पैऱ्याला, म्हणजे एकमेकींच्या शेतात दिवसाला दिवस फेडायला, सलग तीन वर्षं जी येत नाही तिचं नाव जातं, हे मला कुणी सांगायला नको. दोन वर्षं चुकले, हे तिसरं. आप्पांनी माझ्या नावानं ठेवलेली ती भाताची पट्टी आणि गटातलं माझं नाव, गावात माझं एवढंच उरलंय. ते मला घालवायचं नाही आक्का. आणि ही ऑर्डरसुद्धा घालवायची नाही. काहीतरी युक्ती काढते.

दाजींना नमस्कार, मुलांना पापे. लोभ आहेच, तो या महिन्यात जरा दुप्पट लागेल.

तुझी,
सौम्या

॥ श्री ॥

करंजवाडी, ता. खानापूर
शनिवार, ९ नोव्हेंबर

चि. सौम्यास आक्काचे पोटभर आशीर्वाद वि. वि.

पत्र पोचलं. कुंदा अर्धा पोचला. भरमाअण्णा म्हणत्यात, घाटात डबा आपोआप उघडला.

सौम्ये, लई आनंद झाला बग! तुज्या दाजींनी दोनदा वाचून घेतलं माज्याकडनं आणि मग गावभर सांगत सुटले की आमची मेव्हणी बेंगळूरला पिशव्या धाडतीया. मालुबाईनं इचारलं, पिशव्यांत काय घालून धाडणार? मी म्हटलं, तुजं डोस्कं. रागावली न्हाय, हसली.

आता पैऱ्याचं. शालूकाकूचं, मालुबाईचं, तुज्या मंजीचं, सगळ्यांची भातं कापून हुतील या आठवड्यात. सगळीकडं माजा एक दिस आणि तुज्या वाटचा एक दिस, मीच वाकतीया. माजं राहू दे, कंबर हाय अजून. म्हणजे समद्याजणी आता तुज्या पट्टीला एकेक दिस देणं लागत्यात. त्या मंगळवारी, १९ला, तुज्या पट्टीत उतरणार. त्या दिवशी तरी तू पायजेस. गटाची म्होरकी शालूकाकू, तिनं बांधावर उभारून सांगितलंय, पोरगी सोता इळा घेऊन दिसली तर नाव ऱ्हाईल, न्हायतर पुढच्या वर्साला दुसरी बाई धरणार. तोंडानं फटकळ हाय, पण बोलताना डोळं भरलं हुतं तिचं.

एका दिसाचा तर सवाल हाय. सकाळच्याला ये, रातच्याला जा. जेवून काम कर. दुपारी नुसता चहा ढोसत बसू नगंस.

माया हाय म्हणून बोलती, तेवढी समजून घे.

तुजी आक्का

॥ श्री ॥

वडगाव
सोमवार, १८ नोव्हेंबर

ती. आक्कास शि. सा. नमस्कार.

युक्ती सापडली! तू आता मला उचलून नाचवणार आहेस.

उद्या सकाळी तुझ्या दारात भात कापायचं मशीन उभं राहील. नागेंद्र म्हणून एक ओळखीचा आहे, गदगकडचा, त्याचं मशीन सध्या खानापूरकडे आलंय. माझी पट्टी आणि तुझं शेत, दोन्ही दुपारपर्यंत मोकळं. कापणी तेच करतं, मळणी तेच करतं, भात थेट पोत्यात! पैसे मी दिलेत, त्याला फक्त चहा दे. मराठी त्याला थोडंच येतं, पण दाजींचं कन्नड झकास आहे.

शालूकाकूंना म्हणावं, यंदा सौम्यानं तुम्हाला सुट्टी दिली. बांधावर बसा, पाय पसरा आणि गंमत बघा. कुणालाच वाकायला नको, आणि मी आले नाही म्हणून कुणाचं काही अडलंही नाही. सांग, आहे की नाही बहीण हुशार?

इकडे रात्रंदिवस मशिनी चालू आहेत. पोरींची बोटं दुखतात, माझी मान. पण कापडाचा तो नवा वास नाकात गेला की पुन्हा हुरूप येतो.

शाबासकीचं पत्र उलट गाडीनं धाड.

तुझी,
हुशार सौम्या

॥ श्री ॥

करंजवाडी
बुधवार, २० नोव्हेंबर

सौम्ये,

स. न. वि. वि. वगैरे तू धरून चाल, मी लई रागात हाय. जयाआक्का लिहिणार नव्हती, तिला वाईट वाटलंय. म्हणून मी लिहिती म्हणाले, मी तुझी बालवाडीपास्नंची मंजी.

तुझं मशीन आलं. बांध ओलांडताना कलंडलं, मग तुझ्या पट्टीच्या खालच्या अंगाला रुतलं. ओढून काढायला जयाआक्काच्या मारुतीदाजींनी दोन ट्रॅक्टर आणले. तो नागेंद्र बिचारा सगळ्यांना हात जोडत हुता. शेवटी कापलं त्यानं सगळं, खोटं कशाला बोलू? पण पिंजराचा, समद्या काडाचा, पार भुगा केला. जयाआक्काची म्हस त्याला तोंड लावंना. वर्साची वैरण गेली की गं!

आणि आम्ही? आम्ही समद्या इळं घेऊन, भाकऱ्या बांधून, डोस्क्याला नवीन रुमाल बांधून आलतो. निरोप मिळाला की घरी बसा. शालूकाकू खालीच बसली बांधावर. म्हणाली, जयानं हिच्या वाटचे दिस आमच्या शेतात भरले, आता आम्ही ते फेडायचे कुठं? मशीननं आमचा पैरा कसा काय फेडला? दुसऱ्याचा दिस अंगावर ठेवून ह्या गावात कुणी मेलं न्हाय आजवर.

तुझं नाव काढायचं का, असं मालुबाईनं इचारलं. तर काकू म्हणाली, आपणच तिचं देणं लागतो, आपण कशा काढणार? म्हणून नाव हाय तसंच लटकत हाय.

सौम्ये, तुला खरंच वाटतं व्हय की आम्ही तुझं भात कापायला येतो? चार गुंठं भात, ते जयाआक्का एकटी कापंल. तू येतीस, मुंबई-बेंगळूरच्या गप्पा सांगतीस, माझ्या भाकरीतली अर्धी खातीस, म्हणून येतो. तीन वर्सं वाट बघितली. एवढंच सांगायचं हुतं, सांगितलं.

लोभ कमी झालेला न्हाय, हीच तर पंचाईत हाय.

मंजुश्री

॥ श्री ॥

वडगाव
गुरुवार, २१ नोव्हेंबर

ती. आक्कास शि. सा. न. आणि मंजीला तिनं घेतला तर नमस्कार.

मंजीचं पत्र सकाळी मिळालं. तिथंच कापडाच्या गठ्ठ्यावर बसून रडले. चुकलं माझं. म्हशीची वैरण मी बघते, पण बाकीचं काही पैशानं होणारं नाही हे कळलं.

दुपारी आणखी एक झालं. उद्या ऋतिकाची हळद, परवा अक्षता. पोरींनी दोन दिवसांची सुट्टी मागितली. पिशव्या शिवून बहुतेक झाल्यात, पण धागे कापणं, उलटवणं, इस्त्री, घड्या, खोक्यांत भरणं, डोंगराएवढं काम पडलंय. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, हळदीला गेलं नाही तर काय आभाळ कोसळतं? नवरी काय तुमच्याशिवाय पिवळी होणार नाही? ऋतिका तिथंच उभी होती. ती मशीनवरचं कापड नीट करत राहिली. आणि माझ्याच कानांना माझं बोलणं ऐकू आलं गं. पुढच्या वर्षी ह्या पोरीसुद्धा कुणाच्या दारात स्वतःऐवजी मशीन धाडायला शिकतील, माझ्याकडूनच.

मी सगळ्यांना जा म्हटलं. हळदीला जा, अक्षतेला जा, नाचा. त्या गेल्यावर शेडमध्ये मी आणि पिशव्या. जमेल तेवढं एकटी करते. रविवारी ट्रक अर्धा रिकामा गेला, तर वर्षभराचं काम गेलं म्हणून समज. तरी पोरींना पाठवलं याचं वाईट वाटत नाही. तुला काही कर म्हणत नाही हं. सांगावंसं वाटलं म्हणून सांगितलं.

राग उतरला तर दोन ओळी लिही.

तुझी,
सौम्या

॥ श्री ॥

करंजवाडी
शुक्रवार सकाळ, घाईत

चि. सौम्यास आशीर्वाद.

गाडी उभी हाय, भरमाअण्णा हॉर्न मारून मारून गाव उठवायला लागलेत. तुजं पत्र काल रातीच मोठ्यांदा वाचलं. शालूकाकू पदर खोचून उठलीच. म्हणाली, शेतात फेडायचं ऱ्हायलं तर शेडात फेडू! दिस तो दिसच!

उद्याच्या पयल्या गाडीनं आम्ही समद्या येतोय. भाकरी, खर्डा, दही संगट हाय, तू चूल पेटवू नगंस. कात्र्या तेवढ्या गोळा करून ठेव. इस्त्रीला मालुबाई न्हाय म्हणतीया, तिला करंटची भीती वाटती. तिला घड्या दे.

दाजी म्हशीजवळ ऱ्हातील. पोरं लई खूश हाईत, आई घरात न्हाय म्हणून.

बाकी तोंडावर बोलू.

तुजी आक्का

॥ श्री ॥

करंजवाडी, ता. खानापूर
गुरुवार, २८ नोव्हेंबर

चि. सौ. ऋतिकास सौम्याताईचे सप्रेम नमस्कार वि. वि.

कालच तू ‘सौ.’ झालीस असं अजून वाटतंय, लिहितानासुद्धा हसू येतं. सासर शेजारच्या शहापुरातच असल्यामुळे चार दिवसांत कामावर हजर झालीस, तुझ्या नवऱ्याचे माझ्याकडून आभार मान. मी सोमवारपर्यंत येत नाही. इथं फोन लागत नाही, म्हणून हे पत्र भरमाअण्णांच्या हाती.

तू शनिवारी विचारलंस की ताई, ट्रक भरायचा सोडून तुम्ही अक्षता टाकायला कशा आलात? गडबडीत सांगितलंच नाही. त्या सकाळी सहा बायका इरकली पदर खोचून शेडमध्ये शिरल्या. शालूकाकूंनी आल्या आल्या सगळं ताब्यात घेतलं. बांधावर लावतात तशी ओळ लावली, एका टोकाला धागे, दुसऱ्या टोकाला खोकी, आणि जी मागं पडेल तिच्या नावानं गाणं. मंजी तासभर माझ्याकडे पाठ करून धागे कापत होती, मग तिनं अर्धी भाकरी पुढं केली. मी ती तिथंच उभ्यानं खाऊन टाकली! दुपारी काकूंनीच मला ढकललं. म्हणाल्या, नवरी वाट बघत असंल, जा, आम्ही काय पिशव्या खात न्हाय. तुझ्या डोक्यावर मी टाकलेल्या त्या अक्षता त्यांच्यामुळे बरं का.

शनिवारी संपलं नाही, तर रात्री शेडमध्येच झोपल्या आणि रविवारी पुन्हा बसल्या. ट्रक गच्च भरून गेला! मी आनंदानं उड्या मारत होते, तेव्हा शालूकाकूंनी हिशेब मांडला. म्हणाल्या, शनिवारचा दिस फिटला. रविवारचा मात्र तुज्यावर चढला, आता प्रत्येकीचा एकेक दिस तू देणं लागतीस. माझं नाव काढायचा विषयच संपला गं, देणेकरणीला कोण सोडतंय!

आज काकूंच्या खळ्यावर मळणी आहे, उद्या मालुबाईच्या, परवा मंजीच्या, मग बाकीच्यांच्या. माझ्या तळहाताला फोड आलेत, म्हणून अक्षर असं वाकडं. आक्का मला मॅडम म्हणून हाक मारते आणि सगळ्यात जड पेंढ्या माझ्याकडे टाकते. इतकी मी कित्येक दिवसांत हसले नव्हते.

आता कामाचं. बेंगळूरच्या साहेबांनी पुढची ऑर्डर देतो म्हणून तारीख विचारली आहे. तारीख तूच ठरव. त्याआधी शेडमधल्या चौघींना एकत्र बसव आणि कुणाच्या घरी लग्न, बारसं, जत्रा कधी ते विचार. ते दिवस सोडून उरतील ते साहेबांचे. ते चिडले तर चिडू देत, माल चांगला आहे, परत येतील. मालकीणबाई कुठं आहेत विचारलं तर सांग, पैरा फेडायला गेल्यात. मराठी समजलं नाही तर कन्नडमधून ‘मुय्याळु’ म्हण, ते त्यांच्या आजीला तरी नक्की ठाऊक असेल. तरीही समजलं नाही, तर पुढच्या सुगीला त्यांनाच इकडं घेऊन ये. एक विळा जास्तीचा आहे.

काकू हाका मारताहेत, बैल थांबलेत. लोभ असू दे आणि शेडची किल्ली तुझ्याकडेच असू दे.

तुझी,
सौम्याताई