तेवीस शिपाई आणि ताशेवाला

५ मार्च
मिळाले! बेकवेल गावातल्या जुन्या खेळण्यांच्या विक्रीत, टेबलाखाली, बिस्किटांच्या गंजक्या डब्यात. शिशाचे तेवीस शिपाई, पन्नास वर्षांपूर्वीच्या साच्यातले – नेपोलियनशी लढलेली आमची इंग्रजांची लाल कोटवाली पलटण. विकणाऱ्याला आपण काय विकतोय ते ठाऊकच नव्हतं. मी चेहरा मख्ख ठेवला. गाडीत येऊन बसले आणि एकटीच हसत सुटले.

बहिणीला, विनीला, फोन केला. "साठी उलटली तुझी आणि बाहुल्या आणतेस?" बाहुल्या म्हणे. पलटण आहे ती, बये.

६ मार्च
जुना रंग सुटावा म्हणून सगळे फिनेलच्या बादलीत. घराला दवाखान्याचा वास.

७ मार्च
भिंतीला फासावा तसा जाड रंग होता. जुन्या टूथब्रशने घासून काढला, तर पायाखालच्या चकतीवर – नावं! सुईने कोरलेली. गॉर्डन. आल्फी. नेव्हिल. प्रत्येकाचं वेगळं. कुठल्या पोराने यांचं बारसं केलं असेल? नेव्हिलची संगीन वाकडी आहे. सरळ करायला गेले, मन होईना. राहू दे.

९ मार्च
क्लबात – टेबलावर शिपाई मांडून फाशांवर लढाया खेळतो आम्ही – सेड्रिकला सांगितलं. आमचा अध्यक्ष – नियमांचं पुस्तक उशाला घेऊन झोपत असणार. म्हणे, "पलटण चोवीसची. ताशेवाला नसेल तर टेबलावर येणार नाही." आणि वर, "नवी रंगवलेली पलटण पहिल्या लढाईत पळतेच, अ‍ॅव्हिस. माझी पळाली, सगळ्यांची पळाली."

बघतेच. लढाई २६ला. तोवर त्या साच्याचा ताशेवाला मिळायलाच हवा.

१५ मार्च
बारा कोट लाल झाले. गॉर्डनला मिशा काढल्या. फार शहाणा दिसतो आता.

२१ मार्च
ताशेवाला नाही. सात फोन, चार पत्रं, सगळीकडे नन्नाचा पाढा.

पण बाकीचे तयार! खिडकीत ओळीने उभे केले आणि चहा गार होईपर्यंत नुसती बघत बसले. मला इतका आनंद शेवटचा कधी झाला होता, आठवत नाही. निजायला जाताना त्यांचा निरोप घेतला. विनीला सांगणार नाही.

२६ मार्च
काय दिवस! पहिल्यापासून लिहिते.

चर्चच्या हॉलमध्ये पलटण मांडली. सेड्रिकने मोजली. "तेवीस. नियम म्हणजे नियम." मला रडूच यायचं बाकी होतं. समोर फ्रेंचांच्या बाजूला लायनेल – पाच वर्षांत 'चहा' आणि 'फासे' यापलीकडे ज्याच्या तोंडून शब्द ऐकला नाही, तो. त्याने न विचारता माझ्या नेव्हिलला उचललं, उलटं करून पाहिलं, परत ठेवलं. रागच आला. दुसऱ्याच्या शिपायाला असा हात लावतात का? मग त्याने कोटाच्या खिशातून एक ताशेवाला काढला. तोच साचा! रंग पार गेलेला, नाकडोळेही झिजलेले. "आज हा घ्या," म्हणाला. सेड्रिकने पुन्हा मोजली. चोवीस.

तिसऱ्या फेरीला लायनेलचं घोडदळ थेट माझ्यावर आलं. मी डोळे मिटले. "डावीकडे वळतो," लायनेल म्हणाला.

सेड्रिक खुर्चीतून उठलाच. "अरे बाबा, समोर नवी पलटण आहे, फुंकर मारलीस तरी पळेल!"

तरी वळला. डावीकडे आमच्या तोफा. सपाटून हरला बिचारा. आणि माझी पलटण? तसूभर हलली नाही! "पळाली का रे?" मी सेड्रिकला विचारलं. मग तीन सॉसेज रोल खाल्ले.

या गडबडीत लायनेल केव्हा गेला कळलंच नाही. ताशेवाला माझ्याकडेच राहिला. उद्या छान रंगवते, मग देईन.

२७ मार्च
रंगवण्याआधी उलटा केला. चकतीवर सुईने कोरलंय – 'मी'.

कुंचला ठेवून लायनेलला फोन केला. काय बोलावं सुचेना. विचारलं, "गॉर्डन कोण होता?"

लायनेल म्हणाला, "माझ्या बाकावर बसायचा." गावच्या शाळेतला त्याचा अख्खा वर्ग म्हणजे ही पलटण. नवव्या वर्षी याला दूरच्या निवासी शाळेत धाडलं. खिशात एकच नेता आला. डबा घरून कुठे गेला, कुणी सांगितलं नाही. पाऊण तास बोलत होता.

शेवटी विचारलं, काल घोडदळ का वळवलंत?

"नेव्हिल पुढच्या रांगेत होता," म्हणाला.