हिरव्या बत्तीची निळी काच

मी, कुमारी सुलभा सदाशिव चुरी, वय एकसष्ट, वीजखात्यातून निवृत्त झालेली कारकून, राहणार सामरवरणी, सिल्वासा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. मला कोणी दटावलेले नाही, आणि मला दटावील असे माणूस या पंचक्रोशीत राहतही नाही. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाल्यामुळे लिहिलेले मला नीट वाचता येते. तेव्हा "बाईला दिसत नव्हते, सांगतील तिथे सही केली" असे पुढे कोणी म्हणू नये. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. करायचे चार वर्षे मनात होते, पण एका कलमापाशी घोडे अडत होते. ते आता सुटले, म्हणून हाती पेन घेतले आहे.

१. सामरवरणीचे घर, म्हणजे दोन खोल्या, पडवी, अंगणातला शेवगा व मागची भाड्याची खोली, हे सर्व मी माझ्या नोकरीवर उभे केले. हे घर माझ्या भावाचा मुलगा विशाल अनंत चुरी याला मिळावे. अट एकच. मागच्या खोलीत नवनाथ अहिरे व त्याची बायको सरिता राहतात. दोघे धुळ्याकडची, दोघेही गलोंड्याच्या कारखान्यात कामाला. त्यांची मर्जी असेपर्यंत त्यांना "खोली खाली करा" असे सांगू नये. शेवग्याच्या शेंगांवर विशालच्या बायकोचा आणि सरिताचा सारखा हक्क राहील. यावरून भांडण झाल्यास झाड तोडावे.

२. पोस्टातली व बँकेतली शिल्लक विशालच्या दोन्ही मुलींना सारखी वाटावी. ती त्यांच्या लग्नासाठी म्हणून राखून ठेवू नये. मुलींना त्यातून जे करायचे ते करू द्यावे. मी लग्नावाचून राहिले, माझे काही अडले नाही.

३. माझा धाकटा भाऊ अनंत याला मी काहीही देत नाही. कारण त्याला ठाऊक आहे, तरी लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल.

आमचे वडील डहाणूच्या बाजूला एका लहान स्टेशनावर बत्तीवाले होते. दिवस कलला की शिडीने सिग्नलच्या खांबावर चढून रॉकेलचा दिवा ठेवायचा, सकाळी उतरवायचा, काच पुसायची, वात कातरायची, हे त्यांनी नोकरीभर केले. मला त्यांनी वात कातरायला शिकवले, अनंताला शिकवायचा प्रयत्न केला. १९८३ साली वडील गेले. त्यांचे दिवस होतात न होतात तोच अनंताने घर आवरायला काढले आणि फुटक्या डब्यांबरोबर त्यांची हातबत्तीही भंगारात घातली. मी विचारले तर म्हणाला, "ताई, गंजका डबा तो. त्यात काय ठेवलंय?"

मी तशीच उठून भंगारवाल्याकडे गेले. एका मोडक्या खाटेखाली बत्ती सापडली. तिच्या शेजारी रेल्वेच्या आणखी दोन पडल्या होत्या, एक गाडीच्या शेवटच्या डब्याला लावायची, एक फाटकावरची. त्यांना तिथे टाकून यायला पाय निघेना. तिन्ही घेऊन मी सिल्वासाला आले आणि तेव्हापासून हे खूळ लागले ते लागलेच. पुढे स्टेशनोस्टेशनी रॉकेलचे दिवे जाऊन विजेचे आले, जुन्या बत्त्या भंगारात येत गेल्या, मी आणत गेले. आज त्या सतरा आहेत. माझी कचेरीतली मैत्रीण शोभा वझे म्हणायची, "सुलभा, पगार खातेस विजेचा आणि संसार करतेस रॉकेलशी!" बोलणे खरे होते, म्हणून मी तिच्यावर रागावले नाही.

अनंताला मी माफ केले आहे. पण माफ करणे निराळे आणि वाटा देणे निराळे.

४. आता बत्त्या. याच कलमावर माझे घोडे अडले होते.

विशाल वाईट मुलगा नाही. आत्याला दर दिवाळीला साडी आणतो. पण त्याचा एक मित्र दमणगंगेच्या काठाला हॉटेल काढतो आहे, आणि त्याच्या जेवणघरात माझ्या सगळ्या बत्त्या टांगायच्या असा दोघांचा बेत आहे. प्रत्येकीच्या बुडाला भोक पाडायचे, वायर आत घ्यायची, बल्ब लावायचा. "आत्या, लोक तिथे उभे राहून फोटो काढतील!" मी म्हटले, भोक पाडलेल्या बत्तीत रॉकेल राहत नाही रे. तो म्हणाला, "रॉकेल हवंय कुणाला?" त्याच्या मनात पाप नव्हते आणि म्हणूनच मला धास्ती होती. पापी माणसाला हाकलता येते, हौशी माणसाला कसे हाकलणार? माझ्यामागे माझ्या बत्त्यांची पोटे फाडली जाणार, हे मला स्वच्छ दिसत होते, मोतीबिंदू असतानासुद्धा.

गेल्या पावसाळ्यानंतर डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मी शोभाकडे राहायला गेले. घराची किल्ली सरितापाशी होती. बत्त्यांवरची धूळ झटकत जा, एवढेच मी तिला सांगितले होते. तिने त्या उघडूनही पुसल्या. वडिलांच्या हातबत्तीत आतल्या बाजूला फिरवायच्या काचा आहेत, थांबायला लाल आणि निघायला हिरवी. सरिताने पाहिले, तर हिरवीच्या जागी चक्क निळी काच!

आता ती काच निळीच असते. रॉकेलची ज्योत पिवळी. ती निळ्या काचेतून पाहिली की लांबून हिरवीगार दिसते. हे सरिताला कोण सांगणार? तिने ठरवले की डोळ्यांमुळे मावशीला रंग कळेनात, मावशीने चुकून निळी बसवली. तिने सुट्टीच्या दिवशी वापीला जाऊन फोटोच्या फ्रेमा करणाऱ्याकडून हिरवी काच मापाने कापून आणली आणि बसवली. मला ओशाळे वाटू नये म्हणून याबद्दल माझ्यापाशी अवाक्षरही काढायचे नाही, असेही तिने नवनाथला बजावले. माझी अशी काळजी आजवर कोणी केली नव्हती.

पण काच बसवून ती स्वस्थ बसली नाही. संध्याकाळी तिने बत्ती पेटवली, नवनाथला ती धरून अंगणाच्या टोकाला उभे केले आणि दारातून पाहिले. उजेड हिरवा नव्हताच, पिवळट होता. तिने निळी काच परत घातली, पुन्हा पेटवली, आणि मग तिला उमगले. ती निळी काच तिने फेकली नव्हती, कापसात गुंडाळून डब्यात ठेवली होती.

मी घरी आले तेव्हा मला यातले काही कळलेही नसते. बत्ती होती तशी होती. पण सरिता चहा घेऊन आली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "मावशी, तुमची चूक सुधरायला गेली, अन् माझीच चूक निघाली. रागवा हवं तर." मी रागावले नाही. मी इतकी हसले की डॉक्टरांनी डोळ्यांना जपायला सांगितले होते तेही विसरले. त्या हसण्यात माझी चार वर्षांची धास्ती गेली. बत्ती पेटवून पाहिल्याशिवाय तिच्याविषयी मत करू नये, हे ज्याला कळते तो माझा वारस. वारस मागच्या खोलीत भाड्याने राहत होता आणि मी तो रक्तात शोधत होते.

म्हणून माझ्या सर्व बत्त्या, कात्र्या, चिमटे, गळक्या बत्त्या सांधायची झाळकामाची हत्यारे व वातींचे डबे माझ्या मृत्यूनंतर सरिता नवनाथ अहिरे हिला मिळावेत. काळा रंग खरवडू नये. पितळी पट्ट्या राखेने घासू नयेत, अक्षरे झिजतात. वात कातरताना दोन्ही कोपरे किंचित गोल घ्यावेत, नाहीतर ज्योतीला शिंगे फुटतात आणि काच काळी होते.

५. माझे क्रियाकर्म थोडक्यात करावे. अंत्ययात्रेत हिरवी बत्ती हलवून मला निरोप देण्याचे नाटक कोणी करू नये. विशालला अशा कल्पना सुचतात.

६. या मृत्युपत्राची अंमलबजावणी शोभा वझे हिने करावी. ती माझ्याआधी गेली तर विशालने.

दुरुस्ती. वरील मजकूर वाचून झाला, साक्षीदार सहीला बसले, तेवढ्यात सरिता कारखान्याची पाळी सुटून आली. तिला मी कलम ४ वाचून दाखवले. मला वाटले, पोरगी रडेल. ती पदर खोचून उभी राहिली आणि म्हणाली, "मला नको, मावशी."

मी कागद खाली ठेवला. साक्षीदार एकमेकांकडे पाहू लागले.

ती म्हणाली, "तुम्ही मेल्यावर या बत्त्या घेऊन मी काय करू? वात कातरता येत नाही मला अजून. चुकलं तर विचारू कोणाला, विशालभाऊला? द्यायच्या तर आताच द्या. तुम्ही ओरडायला आहेत तोवर शिकून घेते. मरायचं काय लिहून राहिल्या!"

आमचे रेशनवाले कल्पेशभाई, ज्यांनी बारा वर्षे माझ्या रॉकेलवरून कुरकुर केली, ते म्हणाले, "सुलभाबेन, बाई एकदम बराबर बोलते."

सबब, कलम ४ मी साक्षीदारांसमक्ष खोडत आहे. त्यातील सर्व वस्तू आजच, मी जिवंत असताना, सरिताच्या ताब्यात दिल्या. नवनाथने त्या मागच्या खोलीत नेल्या, शेवटची सरिताने स्वतः नेली. मला हलके हलके वाटत आहे. वाती कातरण्याची शिकवणी उद्यापासून रोज, तिची पाळी सुटल्यावर आहे. पोरीचा हात अजून जड आहे, तयार व्हायला वेळ लागेल. तूर्त मला मरायला सवड नाही.

लिहून देणार: सुलभा सदाशिव चुरी (सही)

आमच्यासमोर सही केली, कलम ४ आमच्यासमोर खोडले:
१. शोभा मोरेश्वर वझे, निवृत्त कारकून, सिल्वासा (सही)
२. कल्पेश रमणभाई देसाई, रेशन दुकानदार, सामरवरणी (सही)

स्थळ: सामरवरणी, सिल्वासा
दिनांक: १८ फेब्रुवारी १९९६