बाकाची उजवी फळी

ती. ताईंना नमस्कार,

तुमची तब्येत ठीक असेल, गुडघे जिन्याशी भांडत नसतील आणि पळालेलं मांजर परत आलं असेल असं धरून चालतो. मी ठीक आहे. वेळेवर जेवतो, झोपतो, रात्री दाराला कडी लावतो. (दर फोनला तुम्ही हे तिन्ही विचारता, म्हणून आधीच लिहून टाकलं.) फोनवर मला बोलणं जमत नाही. मागच्या वेळी तुम्ही म्हणालात, की भिंतीशी बोलले असते तर तिने निदान चार पापुद्रे तरी टाकले असते. ते खरं आहे. म्हणून हे पत्र.

आमच्या जुन्या बागेचा पुढच्या शंभर वर्षांचा आराखडा तयार होतोय. बाग तुम्ही पाहिली आहे. तिच्या फाटकात तुमची चप्पल तुटली होती आणि बागेतून घरापर्यंत तुम्ही फाटकाला बोल लावत आला होतात. त्या आराखड्यासाठी नागरिकांची सभा होती. मी गेलो तो आराखड्यासाठी नाही. दुपारी घरात फार शांत असतं, आणि सभागृहात पंखे आहेत. अध्यक्षस्थानी एक निवृत्त दंतवैद्य होते. ते टेबलावर घंटी ठेवतात आणि कोणी दोन मिनिटांपेक्षा जास्त बोललं की वाजवतात. (आयुष्यभर लोकांना तोंड उघडा म्हणाले, आता सगळी भरपाई करताहेत. गावभर त्यांना घंटीवाले म्हणतात.) समोर बसलेल्यांत सत्तरीच्या आतलं कोणी दिसत नव्हतं, आणि वाद चालला होता तो साठ वर्षांनी सावली कुठे पडेल याचा. तळ्याकाठचं मोठं झाड आता थकलंय. त्याच्या जागी आज रोप लावलं तर साठ वर्षांनी ते तेवढं होईल. मग त्याच्याखाली व्यायामाची जागा असावी की वाचनाची, यावरून दोन आजोबांची अशी जुंपली, की एकाने दुसऱ्याला, "बघतोच तू तिथे कसा बसतोस ते," असं ऐकवलं. दुसऱ्यानेही ते मनाला लावून घेतलं. मला हसू आलं आणि सवयीने मी उजवीकडे वळून बघितलं. तिथे कोणाची तरी पिशवी होती.

मग आराखडेवाल्या बाई उठल्या. तरुण आहेत, अतिशय सभ्य आहेत, आणि कोण कुठे किती वेळ बसतं हे मोजायला त्यांनी बागेत माणसं बसवली होती. पडद्यावर त्यांनी एकेक बाक दाखवायला सुरुवात केली, आणि त्यात आमचाही आला. मधे एक आणि कडांना दोन असे दगडी पाये, त्यांवर डावीकडे एक फळी, उजवीकडे एक. बाई म्हणाल्या, या बाकाचा अर्धा भाग सदैव रिकामा असतो. एक वृद्ध गृहस्थ रोज येतात, डाव्या टोकाला बसतात आणि जातात. उजवीकडे दुसरंही कोणी बसत नाही. (कसं बसणार? तिथे मी छत्री ठेवतो. पावसाचे दिवस नसले तरी ठेवतो.) तेव्हा या भागात दोघांच्या बाकांची गरज दिसत नाही, एकेकट्यासाठी सुटसुटीत खुर्च्या कराव्यात.

हिला डाव्या कानाने बरं ऐकू यायचं, म्हणून ही उजवीकडे आणि मी डावीकडे, हे तुम्हांला माहीत आहे. त्यावर तुमचं म्हणणं असायचं, की नवरा इतका मुका असल्यावर बायकोला कुठलाही कान चालतो. पण मी बोलायचो, ताई. तिथे बसल्यावर बोलायचो. काय, ते विचारू नका. भाजी महागली, झाडावर नवीन घरटं झालं, असलंच काहीतरी.

मागून कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवून, हेच ते गृहस्थ, असं सांगितलं. सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. बाईंनी फार मायेने विचारलं, "आजोबा, तुम्ही तो अर्धा बाक मोकळा का सोडता?" एवढ्या लोकांसमोर काय सांगणार? मी म्हणालो, "तिकडची फळी कुजली आहे." माझ्या मते हे उत्तर बरं होतं. लोक पुन्हा सावलीकडे वळले.

पण बाईंनी ते टिपून घेतलं होतं. दोन दिवसांनी मी बागेत पोचलो तर तिथे सुतार. ही फळी ठोकून बघ, ती वाकवून बघ, असं त्याचं चाललं होतं. मला म्हणाला, "काका, ही फळी तुम्हांला आणि मला पुरून उरेल." मी म्हटलं, मग राहू द्या. तर म्हणाला, तक्रार आली म्हणजे फळी काढावीच लागते, वर उत्तर कोण देणार? नवी कधी येईल विचारलं, तर म्हणाला आराखड्याचा पहिला टप्पा सुरू झाला की. म्हणजे शंभरातली किती वर्षं, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. त्याने माझी छत्री उचलून माझ्या हातात दिली आणि फळी खांद्यावर टाकून निघून गेला. उरले दोन पाये आणि मधे हवा. आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा म्हणतात तो असा. आराखड्यातली एकट्याची बैठक अख्ख्या बागेत सगळ्यांत आधी माझ्यामुळे तयार झाली. बाईंनी येऊन तिचा फोटोही काढला. मला म्हणाल्या, छान दिसते, जरा हसा. मी त्या फोटोत आहे. छत्री मांडीवर आहे.

तीन-चार दिवस मी तिकडे फिरकलो नाही. घरात बसून बघितलं. घरातही दोन खुर्च्या आहेत, पण तिथे आम्ही कधी शेजारी बसलोच नव्हतो, समोरासमोर बसायचो. ते वेगळं.

पुढच्या सभेला आयुष्यात पहिल्यांदा हात वर केला. बोलायला उभा राहिलो, आणि दोन मिनिटांतला बराचसा वेळ उभं राहण्यातच गेला. घंटीवाल्यांचा हात घंटीकडे गेलेला दिसला तेव्हा घाईने म्हणालो, "फळी कुजलेली नव्हती. मी खोटं बोललो. तिथे माझी बायको बसते."

"बसायची" म्हणायचं होतं. खाली बसल्यावर लक्षात आलं. घंटी वाजली नाही. घंटीवाल्यांनी हात मागे घेतला आणि ते म्हणाले, की मोजणी म्हणते एक, सभासद म्हणतात दोन, तेव्हा फळी तात्पुरती परत बसवून या बाकाची फेरमोजणी व्हावी. ठराव मंजूर झाला. बाकी विशेष नाही. प्रकृतीला जपा. जिना सावकाश उतरा.

तुमचा,
भिंतीसारखा मेहुणा

ता. क. : फेरमोजणी येत्या सोमवारपासून आठवडाभर, रोज सकाळी आहे. तुम्ही रविवारी आलात तर बरं होईल. मोजणारा नवीन आहे, त्याला दोन म्हणजे दोन. तुम्ही काही करायचं नाही, नुसतं बसायचं. बोलायलाही हरकत नाही, मी हं म्हणेन. तुमचे दोन्ही कान शाबूत आहेत, तेव्हा बाजू तुम्हीच निवडा. नाही, उजवीच घ्या. फाटकाची दुरुस्ती झाली आहे.

आणखी एक ता. क. : पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा उघडलं. काल सुतार तीच फळी परत बसवून गेला. आराखडेवाल्या बाई स्वतः आल्या होत्या. म्हणाल्या, मोजायची काही गरज नाही, बाक आहे तसाच राहील, तसं आराखड्यात घातलंय. म्हणजे आता शंभर वर्षं काळजी नाही. हे तुम्हांला कळवायचं नाही असं ठरवलं होतं, कारण मग यायला काही कारणच उरत नाही. पण तुमच्याशी खोटं बोललो तर ही रागावली असती.

तरी या. छत्री उचलून ठेवली आहे.