इंद्राक्काचा घास

४ ऑगस्ट
व्हय व्हय, करमतंय की! म्हसवड सोडून कराडला सैपाकाला आले, आन् पयल्याच दिशी बाई इचारत्यात, अंजनाबाई, करमतंय का. बाई म्हंजी संयोगिताबाई. टीव्हीवरच्या मालिकेत इंद्राक्का सासू हाय न्हवं, तिच्या तरनेपनाचं पुस्तक लिवत्यात. गावाकडची बोली पायजे म्हनून मला ही वही दिली, बोलता तसं लिवा म्हनल्या. मी म्हनले, माझ्या सासूवर लिवा, दोन पुस्तकं व्हतील. लय हसल्या.
बाईंस्नी साखरेचा आजार. घरात गुळाचा खडा न्हाई. इंद्राक्का मातर बोलायच्या आदी गूळ कडाकडा फोडती. मी नक्कल केली तर हसून हसून बाईंच्या डोळ्यात पानी.

९ ऑगस्ट
काल मालिकेत इंद्राक्का हिरीत पडून मेली. बाईंचं तोंड उतरलंय. मी म्हनले, रडताय काय, दहावा घालू तिचा!

१७ ऑगस्ट
घातला की. बाई खाली लिवत हुत्या. मी गुपचूप गूळ आनला, गच्चीवर भातासंगं घास ठिवला. कावळा आला, पर शिवंना. मेल्याल्याची विच्छा ऱ्हायली की असंच. माझ्या धन्याच्या वक्ताला तंबाखूची पुडी ठिवली, तवा शिवला. मी गमतीनं शब्द दिला, आक्का, सुनंला सुखात ठिवू. न्हाई. पाटल्या लेकीला दिऊ. न्हाई. मग आनिक येक बोलले. चटदिशी शिवला!
काय बोलले ते बाईंस्नी सांगितलं न्हाई.

२० ऑगस्ट
बाई भराभरा लिवत्यात. इंद्राक्काचं म्हायेर, तिची मेल्याली भैन. मालिकेत ह्यातलं कायबी न्हाई. इचारलं, कसं सुचतंय वो? म्हनल्या, सुचत न्हाई. आठवतंय.

२२ ऑगस्ट
बाईंच्या खोलीतनं कडाकडा आवाज. उशीखाली दहाव्याचा उरल्याला गूळ. काढून घ्याय गेले तर हात धरला, मला सूनबाई म्हनल्या. मी बाईंपरीस थोरली! हसू आलं न्हाई.

२३ ऑगस्ट
बाईंस्नी गुंगी. पायाला सूज. डाक्टर आले तर आतनं कडी घातली. दाराखालनं पानी येतंय. हिरीवानी वास —

२४ ऑगस्ट
परत घास ठिवला. शब्द माघारी घेते म्हनले, नाक घासलं. येकबी कावळा —

दुपार
कडी निघाली. कडाकडा. सूनबाई, सूनबाई —
खरं लिवते. कावळ्याला म्हनले हुते, आक्का, आंग पायजे न्हवं? बाईंचं घे. मी दिलं. गंमत क