बहिरमचे रोडगे

चि. कुंदा,

तुझी आई माहेरी वारल्याची मामांची तार अकोल्याहून आली, त्या दिवशी मी बहिरमच्या यात्रेचे सामान बांधत होतो. तुझा टायफॉइड उतरावा म्हणून ती तिथे रोडग्यांचा नवस बोलली होती. ती गेली त्याला वर्ष झाले, नवस तसाच राहिला. तुझी शाळा आहे, म्हणून आता मीच शेजारच्या नत्थुजींच्या जीपने निघालो. आज कणकेचे रोडगे गोवऱ्यांवर भाजून देवाला वाहतो, उद्या रविवारी चिखलदऱ्याचा धबधबा पाहून परत येतो.

"दरसाल रोडगे खाऊन वापस येता, मले धबधबा कवा दाखवता?" असे ती म्हणायची.

रोडग्यांना जाड पीठ लागते, हे मला गिरणीवर आठवले नाही. बारीक पिठाच्या तू पोळ्या कर. जाड पीठ नत्थुजींच्या घरून घेतो.

नवस फिटेल. तिला धबधबा दाखवायचा राहिला.

बाबा