जैनबच्या कपाळावरची रेघ

रत्नागिरी, सोमवार, १२ नोव्हेंबर १९५६

आज दवाखान्यात जैनब येऊन गेली, बरोबर तिची आई हलीमाबी. गेल्या वर्षी स्टोचा भडका उडून पोरीचे कपाळावरचे केस मुळासकट जळाले, तेव्हा मीच तिला मुंबईला पाठवलं होतं. तिथल्या सर्जनने कानामागची कातडी केसांसकट काढून कपाळावर बसवली. केस आले, हे खरं. पण रेघ फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ, आणि केस उलटे उभे राहतात.

मुंबईला जाण्याआधी हलीमाबींनी विचारलं होतं, "पहिल्यासारखं होईल ना?" मी "होईल" म्हणून मोकळा झालो. का म्हणालो? त्यांचं रडणं थांबावं म्हणून, दुसरं काय.

आज त्या सारख्या त्या रेघेकडेच बघत होत्या. "अजून नीट बसतील ना केस?"

"नाही बसणार. तेव्हा मी होईल म्हणालो, ते चुकलं माझं."

जैनब म्हणाली, "मुंबईच्या डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं, असंच दिसेल म्हणून. मी अम्माला कळवलं नाही. तिने परत बोलावून घेतलं असतं."

"मग तू तयार कशी झालीस?"

"पुढे थोडे तरी केस हवे होते, डॉक्टर. थोडेच हवे होते."

तेल लावलं तर चालेल का, एवढंच तिने विचारलं. चालेल म्हणालो.

हलीमाबींनी तिथेच बाकावर तिची वेणी सोडली आणि बोटाने भांग पाडून पाहिला. वाकडा पडला. त्यांनी तो पुन्हा पाडला.