सुतकाची चटई

डनीडन, ६ मे

तीर्थस्वरूप तोआकासे आत्यास,
सेइनीचा शि. सा. न. वि. वि.

वादळात पडलेला आपल्या बेटावरचा फोनचा टॉवर अजून आडवाच आहे म्हणे, म्हणून हे पत्र बोटीने. मी बरी आहे. म्हणजे वर्गाला जाते, जेवते, आणि दिवस दिवस माझं नाव कुणाच्या तोंडून ऐकत नाही. इथे लोक दार लावून जेवतात गं.

तू सुतकात कमरेला गुंडाळायची चटई माझ्या सामानात कोंबलीस, तू गेल्यावर मला इथे मिळायची नाही म्हणून. मरायची एवढी घाई कशाला? खोलीतल्या जोडीदारणीने पायपुसणं समजून तिला बूट पुसले. मी आधी भांडले, मग रडले.

विद्यापीठात सेवाकार्याचा मेळा भरला होता. कुणी झाडं लावायला बोलावत होतं, कुणी किनारा साफ करायला. मी वृद्धाश्रमासाठी नाव दिलं, कारण तिथे कुणाशेजारी नुसतं बसायचं होतं. आता दर गुरुवारी मिस मॅक्रेंकडे जाते. त्या शाळेत शिकवायच्या. नवरा नाही, भावंडं नाहीत. पहिल्याच दिवशी म्हणाल्या की आपण गेलो की दुपारच्या चहाआधी खोली दुसऱ्याला देतील, आणि कुणाचा चहासुद्धा निवणार नाही. म्हणजे त्यांच्यासाठी रडायला कुणीच नाही.

तुझा लोभ आहे हे ठाऊक आहे, तरी लिहून कळवत जा.
तुझी सेइनी

हाअपाई, २९ मे

चि. सेइनीस अनेक आशीर्वाद.

माझा चष्मा फुटलाय. तुझं पत्र पाद्रीबाईंनी चर्चच्या पायरीवर मोठ्याने वाचलं, तेव्हा तुझ्या रडण्याची बातमी गावभर झाली.

म्हातारीकडे रिकाम्या हाताने जात नाहीस ना? आणि रडायला कुणी नाही म्हणजे काय? आपल्याकडे डुकरासाठीसुद्धा पोरं रडतात. मी गेले की तू भाची म्हणून काळे कपडे घालायचे, ती फाटकी चटई कमरेला गुंडाळायची, केस कापायचे. तेव्हा केस सांभाळ.

सगळे परदेशी गेले, घर फार मोठं झालंय. मी अजून दोघींचं शिजवते. तुझ्या वाटचं डुक्कर खातं आणि माजतं.

आशीर्वाद आहेतच. जेवत जा.
तोआकासे आत्या

डनीडन, २ जुलै

ती. स्व. आत्यास शि. सा. न.

माझी फजिती ऐक, पण पाद्रीबाईंना हा भाग गाळायला सांग. गेल्या गुरुवारी केळ्यांचा केक घेऊन गेले, तर मिस मॅक्रेंचा पलंग उघडा, भिंतीवरचे फोटो गायब. मी कुणाला काही विचारलंच नाही. धावत खोलीवर आले, काळे कपडे घातले, तुझी चटई कमरेला बांधली आणि परत जाऊन त्यांच्या दाराशी जमिनीवर बसले. मग आपल्याकडे रडतात तशी मोठ्याने रडले. परिचारिका पाणी घेऊन धावल्या. कुणाला काही कळेना.

तेवढ्यात पलीकडून मिस मॅक्रे स्वतः काठी टेकत आल्या, ताज्या केशभूषेसह! त्यांना उन्हाच्या बाजूची खोली दिली होती. हे सगळं कुणासाठी, असं त्यांनी विचारलं. तुमच्यासाठी, म्हटलं. मला वाटलं आता रागावतील. त्या खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, थांबू नकोस, आणखी थोडं चालू दे.

जाताना त्यांनी विचारलं, खरोखरीच्या वेळी येशील का? मी हो म्हटलं.

माझ्या वाटचं डुकराला देऊ नकोस.
सेइनी

डनीडन, १९ ऑगस्ट

ती. स्व. आत्यास शि. सा. न.

मिस मॅक्रे गेल्या. या वेळी मी आधी विचारून खात्री केली. अंत्यविधीला पाद्री, दोन परिचारिका आणि मी. रडणारी मी एकटीच, त्यामुळे घसा बसलाय.

आत्या, मी केस कापले. हातून होऊन गेलं. ते तुझ्या हक्काचे होते आणि मी परक्या बाईवर खर्चले. आपल्यात आत्याचा शब्द शेवटचा. चुकले असेन तर स्पष्ट लिही. आता गुरुवारी कुठे जावं कळत नाही.

रागावलीस तरी उत्तर दे.
सेइनी

हाअपाई, ११ सप्टेंबर

चि. सेइनीस अनेक आशीर्वाद.

रागावले होते. पत्र ऐकून तशीच घरी आले. मग चुलीपुढे बसून विचार केला. तुझी ती म्हातारी आजपासून माझी थोरली बहीण. मी ठरवलं, म्हणजे ठरलं. बहीण माझी म्हणजे आत्या तुझी, तेव्हा केस कापलेस ते रीतीनेच झालं. रविवारी चर्चमध्ये तिचं नाव घ्यायला लावलं. पाद्रीबाईंना ते उच्चारता आलं नाही, पण गाव रडलं. आपल्या गावाला तेवढं निमित्त पुरतं.

गुरुवारी दुसरी एखादी म्हातारी बघ. चटई जवळ असू दे.

मात्र माझ्या वेळी अशी आखूड केसांनी आलीस तर लोक काय म्हणतील? नाताळात घरी ये, डोक्याला तेल मी लावीन. तुझे केस पुन्हा कमरेपर्यंत येईतो मी कुठे जात नाही.

तुझी आत्या